सोमवारची दोरी

१

दोन्या सालुद आब्रिनेस मेली, त्याच्या तीनच मिनिटं आधी रेग्ला बुत्रोननं तिला कागदाच्या कपट्यावर उचलून नऊ परक्या माणसांना पोट धरून हसवलं होतं. रेग्ला ही गोष्ट जन्मात विसरणार नव्हती, आणि विसरायची म्हटली तरी गल्लीतल्या बाया तिला विसरू देणार नव्हत्या.

स्पेनमधल्या कादिझच्या जुन्या वस्तीत जहाजांची वाट बघायला बांधलेले मनोरे पैशाला पासरी आहेत. त्यातल्या एका मनोऱ्याच्या माथ्यावर काळोखी खोली आहे. छताला आरसा आणि भिंग, खाली जेवणाच्या टेबलाएवढी पांढरी, खोलगट तबकडी. दार लावून दांडी फिरवली की अख्खं शहर त्या तबकडीत उतरतं, जिवंत, हलतं-चालतं, फक्त मुकं. गेली वीस वर्षं ती दांडी रेग्लाच्या हातात होती. सोमवारी शहरातली बाकीची बघण्याची ठिकाणं बंद असतात, म्हणून सोमवारी तिच्याकडे गर्दी जास्त.

तिचं बोलणं ठरलेलं होतं. आधी समुद्र, मग बाजार, मग बारा वाजता समोरच्या घराची गच्ची. घर तीन मजल्यांचं, कपडे वाळत घालायची दोरी एकच, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचा वार ठरलेला. सोमवारी ती दोरी नेहमीच रिकामी असे, त्यावर रेग्ला सांगायची, "सोमवार सेर्वांदोचा. या घराचा राखणदार. सडाफटिंग माणूस, अंगावर शर्ट एक, तो धुणार काय आणि वाळवणार काय!" लोक हमखास हसायचे. हा विनोद आधी दुसऱ्याच नावानं होता; पण त्या नावाच्या धनिणीनं एकदा तिला भर बाजारात गाठून झाडली, तेव्हा तिनं नाव बदललं. विनोद तोच राहिला. हसणाऱ्याला नाव कुणाचंही चालतं.

त्या सोमवारी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, लेवांते सुटला होता. हा पूर्वेचा वारा सुटला की कादिझची माणसं एकमेकांशी भांडतात आणि दोष वाऱ्याला देतात. तबकडीत गच्ची उतरली आणि रेग्ला दचकली, कारण दोरी रिकामी नव्हती. निळा डगला आणि गवताची टोपी घातलेला माणूस पाठमोरा उभा राहून पांढऱ्या चादरी घालत होता. हातातून सुटल्याबरोबर त्या पतंगासारख्या फडफडायला लागल्या.

"बघा, आज सूर्य पश्चिमेला उगवला," रेग्ला म्हणाली. "सेर्वांदोनं चादरी धुतल्या."

नऊ माणसं हसली. बाराची घंटा झाली, तशी काळ्या कपड्यातली दोन्या सालुद, म्हणजे सालुदबाई, त्या घराची मालकीण, रोजच्यासारखी झारी घेऊन जिन्यातून वर आली. रेग्लानं रोजच्यासारखा पांढरा कपटा तबकडीवर टेकवला, सालुदच्या पायाखाली सरकवला आणि हळूच वर उचलला. म्हातारी झारीसकट कागदावर चढून हवेत चालायला लागली. एक बाई हसता हसता खोकायला लागली. मग रेग्लानं दांडी फिरवून बंदर दाखवलं, बंदरातलं जहाज दाखवलं, कॅथेड्रलचा घुमट दाखवला आणि परत गच्चीवर आली. तिथं नुसत्या चादरी उडत होत्या.

माणसं जिना उतरत असतानाच किंकाळी ऐकू आली.

सालुद घराच्या मधल्या चौकात, विहिरीच्या कट्ट्याशी पडली होती. झारी शेजारी, तिच्यातलं पाणी अजून फरशीवर वाहत होतं. किंकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या आसेन्सियोनची होती. ती कठड्याला धरून उभी होती आणि तिचे दात वाजत होते. रेग्ला आणि तिच्या मागोमाग ती नऊ माणसं चौकात धावली. पोलीस आले, कुणी काय पाहिलं विचारायला लागले, आणि तिनं स्वतःचाच आवाज ऐकला: "वर सेर्वांदो होता. तिच्याबरोबर." तिच्या मागची नऊही माणसं मान हलवून हो म्हणाली.

नेमका त्याच वेळी रस्त्याच्या दारातून सेर्वांदो आत आला. हाताला वाळलेला डिंक, तोंडात शीळ. "काय गं रेग्ला, कोण मेलं?" त्यानं विचारलं, आणि पोलिसानं त्याचा दंड धरला.

२

तपास इन्स्पेक्टर तोमासा ओर्दास हिच्याकडे आला. ही बाई उत्तरेकडची, थंड गावची. सहा वर्षं कादिझमध्ये काढूनही तिला इथला वारा सोसत नव्हता आणि इथली थट्टा कळत नव्हती. तिनं रेग्लाला समोर बसवून सगळं सरळ मांडलं. सालुदच्या छातीवर ढकलल्याच्या खुणा होत्या. सेर्वांदोचा निळा डगला गच्चीच्या जिन्यात, नेहमीच्या खुंटीवर परत टांगलेला सापडला. मागच्याच आठवड्यात सालुदनं सेर्वांदोला चारचौघांत बजावलं होतं, की दारावर दिसला नाहीस तर महिनाअखेर चालता हो. दुपारी कुठे होतास म्हणून विचारलं तर तो तोंड उघडत नव्हता. "आणि वर तुम्ही दहा साक्षीदार," ओर्दास म्हणाली. "इतकं सरळ प्रकरण मला या शहरात आजवर मिळालं नव्हतं."

रेग्लाला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ती आणि सेर्वांदो एकाच गल्लीत वाढले होते. लहानपणी त्यानं तिला पोहायला शिकवलं होतं, म्हणजे धक्क्यावरून ढकलून दिलं होतं आणि मग घाबरून स्वतःच मागे उडी मारली होती. ज्यानं बुडवायला दिलेली मांजरीची पिल्लं घरी आणून पाळली, तो माणूस ऐंशीच्या म्हातारीला खाली लोटेल, हे तिच्या मनाला काही केल्या पटेना. पण तिनं पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी.

ओर्दासनं त्या दोघांना दहा मिनिटं बोलू दिलं. सेर्वांदो एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"कुठे होतास ते सांगून टाक की," रेग्ला म्हणाली.

"वखारीत. आमच्या टोळीच्या. सोंगाची डोकी चिकटवत होतो."

आता सोंगांच्या सणाला, कार्निव्हलला, तीन आठवडे उरलेले, आणि कोणती टोळी कसलं सोंग आणणार हे रंगमंचावर चढेपर्यंत सख्ख्या बायकोलाही सांगायचं नसतं. रेग्लानं कपाळावर हात मारला.

"अरे, जन्मठेप होईल तुला. आणि तू डोक्यांचं गुपित राखत बसलास?"

"सांगून तरी काय? एकटाच होतो. कागदी डोकी साक्ष देणार आहेत होय?" मग तो थांबला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघून म्हणाला, "तू म्हणालीस म्हणे, की मी होतो. तू माझं तोंड पाहिलंस, रेग्ला?"

रेग्लानं तो सोमवार परत डोळ्यांपुढे आणला. तिनं पाठ पाहिली होती. डगला पाहिला होता, टोपी पाहिली होती. तोंड काही पाहिलं नव्हतं.

३

ती बाहेर आली ती थेट ओर्दासपुढे उभी राहिली आणि म्हणाली की मला गच्चीवर न्या. ओर्दासनं आधी नकार दिला, मग वाऱ्याला शिव्या देत ती स्वतःच बरोबर आली. वर आसेन्सियोन होतीच. आसेन्सियोन आणि सालुद यांचं दोरीवरून अकरा वर्षं वैर होतं. एकीचा वार संपून दुसरीचा सुरू होतो तो कोणत्या घंटेला, यावर दोघी एकदा पाद्र्याकडे गेल्या होत्या. त्यामुळे संशय तिच्यावरही होता, आणि तिला तो माहीत होता.

"भांडायला आता कोण उरलंय मला?" आसेन्सियोन डोळे पुसत म्हणाली. "इतकी वर्षं रोज सकाळी उठून त्या बाईला काय बोलायचं ते ठरवत होते मी."

सोमवारी बाराला ती खालच्या चुलीवर डाळीला फोडणी देत होती, समोरच्या बिऱ्हाडातली सून तिच्याजवळच उभी होती. तिचा प्रश्न तिथंच मिटला. गच्चीची रचनाही सोपी निघाली. शेजारच्या घराची डागडुजी चालू, घर रिकामं, आणि दोन गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. वर आलेला माणूस खाली न उतरताही निघून जाऊ शकत होता.

चादरी अजून दोरीवरच होत्या. चारपैकी एक उडून गेलेली, ती पलीकडच्या गल्लीत सापडली होती. रेग्ला जवळ गेली आणि तिनं एकीवरून हात फिरवला. मधोमध उभी घडी, तिला आडव्या तीन घड्या, सगळ्या अजून खणखणीत.

"या कुणाच्या?" ओर्दासनं विचारलं.

"माझ्या नव्हेत," आसेन्सियोन म्हणाली. "माझ्यांवर आईनं दोऱ्यानं भरलेली अक्षरं आहेत. सेर्वांदोच्या म्हणाल तर त्याच्याकडे दोनच आहेत, त्याही चौकड्यांच्या. आणि लेवांतेत असं दोन चिमट्यांवर कोण वाळत घालतं? टोकांना गाठ मारतात. या पाण्यात बुडाल्याच नाहीत कधी. पाकिटातून काढल्या आणि टांगल्या." ती नाक ओढून पुढे म्हणाली, "आणि तेही सोमवारी!"

रेग्लाला आठवलं, तबकडीतल्या चादरी हातातून सुटताच उडायला लागल्या होत्या. ओली चादर आधी लोंबते. चुलीपुढे वाढलेल्या कुठल्याही बाईला हे कळतं आणि तिला तेव्हा कळलं नव्हतं, कारण ती विनोद करत होती. म्हणजे त्या चादरी वाळण्यासाठी नव्हत्याच. त्या पडदा म्हणून होत्या. कुणाच्या नजरेआड व्हायचं म्हणून?

तिनं मान वर केली. दोरीच्या नेमकी समोर तिच्या मनोऱ्याची काच चमकत होती.

४

संशय घ्यावा असा तिसरा माणूस होता लेआंद्रो, सालुदच्या भावाचा मुलगा. तो वायादोलिदहून आठ महिन्यांपूर्वी आला होता. आत्यानं त्याला घरात मात्र ठेवून घेतलं नाही, कारण पहिल्याच दिवशी जेवताना त्यानं हे घर पर्यटकांना खोल्या द्यायला किती छान आहे असं म्हटलं होतं. तेव्हापासून तो बंदराजवळ भाड्यानं राहत होता आणि रविवारी आत्याला मिठाई घेऊन येत होता. सालुद ती मिठाई घ्यायची आणि त्याला जिन्यातूनच परत पाठवायची. आता घराचा वारस तोच.

रेग्ला त्याला कॉफीच्या दुकानात भेटली. तो उठून उभा राहिला, तिला खुर्ची ओढून दिली. चांगल्या घरचा, मऊ बोलणारा माणूस. सोमवारी बाराला आपण इथंच होतो असं त्यानं आपणहून सांगितलं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, रोज असतात, आता सोमवार कुठला आणि मंगळवार कुठला हे मी काय कपावर लिहून ठेवतो?

"त्या मनोऱ्यावरून सगळं दिसतं म्हणे," लेआंद्रो म्हणाला. "मी कधी चढलो नाही. आपल्याच गावात पर्यटकासारखं तिकीट काढून कोण चढतं?"

हे खरंच होतं. गल्लीतलं कुणीच कधी चढलं नव्हतं. सेर्वांदो तर म्हणायचा, जी गच्ची मी रोज झाडतो ती बघायला तुला पैसे देऊ होय?

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," लेआंद्रो तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला. "तुम्ही खरं तेच सांगितलंत. वार त्याचा, डगला त्याचा. आणखी काय हवं?"

रेग्लाला तेव्हा बरं वाटलं. कोणीतरी तिला दोष न देता बोललं होतं, तिचे डोळेच भरून आले. माशाचा काटा घशात अडकावा तसं काहीतरी मात्र तेव्हापासून टोचत राहिलं, आणि काय टोचतंय ते तिला सांगता येत नव्हतं.

बुधवारी मनोरा परत उघडला. तिला जायचं नव्हतं, पण दुसरी कुणी दांडी फिरवणारी नव्हती. बारा वाजता तिनं डोळे मिटूनच गच्चीवर भिंग आणलं. दोरीवर तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाची धुणी होती. काळोखात एक म्हातारे गृहस्थ, मुलीचा हात धरून आलेले, तिला म्हणाले, "बाई, तो सोमवारचा विनोद सांगा ना. मागच्या वर्षी आलो होतो तेव्हा फार हसलो. तो एकच शर्टवाला राखणदार. खराच आहे का हो तो?"

"खरा आहे," रेग्ला म्हणाली. "सेर्वांदो खरा आहे."

"आणि सोमवार?"

रेग्लाचा हात दांडीवर थबकला. सोमवार खरा नव्हता.

सोमवार सालुदचा होता. तिच्या लग्नापासूनचा. धुणं पिळायला मनगटात बळ उरलं नाही तसे म्हातारीचे कपडे बाहेर धुवायला जायला लागले, तरी तिनं आपला वार कुणाला दिला नाही. दोरी रिकामी राहील, पण सोमवार माझा. घरातला एकही जीव सोमवारी त्या दोरीला रुमालसुद्धा लावत नसे, सेर्वांदो तर नाहीच नाही. रेग्लाला हे चांगलं माहीत होतं. तिला बाजारात झाडणारी धनीण सालुदच होती. तिनंच बजावलं होतं, त्या काळोखात माझं नाव घेशील तर याद राख. म्हणून रेग्लानं गरीब सेर्वांदोचं नाव लावलं होतं. बारा वर्षं दर सोमवारी तेच सांगता सांगता तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

तिनं नऊ माणसांना सेर्वांदो दाखवला नव्हता. तिनं त्यांना सेर्वांदो ऐकवला होता. पण मग जो माणूस सेर्वांदो होऊन सोमवारी दोरीशी उभा राहिला, त्याला सोमवार सेर्वांदोचा आहे हे कुणी सांगितलं? घरानं तर सांगणं शक्यच नव्हतं. आणि कॉफीच्या दुकानात 'वार त्याचा' असं कोण म्हणालं होतं?

"बाई, बरं वाटत नाही का?" काळोखात कुणीतरी विचारलं. रेग्लानं दार उघडलं, सगळ्यांना तिकिटाचे पैसे परत घ्यायला सांगितले आणि एकशे सत्तर पायऱ्या धावत उतरली.

५

गुरुवारी सकाळी ओर्दासनं तिघांना काळोख्या खोलीत बोलावलं. सेर्वांदोला दोन पोलिसांच्या मधून आणलं. आसेन्सियोन जिना चढून धापा टाकत होती आणि एवढ्या उंच चढवल्याबद्दल मेलेल्या सालुदलाच बोल लावत होती. लेआंद्रो शेवटी आला, काळा टाय लावून.  रेग्लाचा एक शब्द चुकला असता तर सेर्वांदो त्या दोन पोलिसांच्या मधूनच परत जाणार होता.

दार लागलं. गच्ची तबकडीत उतरली. दोरीवर त्या तीन चादरी होत्या, आणि निळा डगला घातलेला एक पोलीस पाठमोरा उभा होता. अंधारात कुणाचा तरी श्वास अडखळला.

रेग्ला ठरलेलं काहीच बोलली नाही. पर्यटकांना देते तसे पांढरे कपटे तिनं तिघांच्या हातात दिले, पेन्सिली दिल्या आणि म्हणाली, "या घरात दोरीचा वार प्रत्येकाचा ठरलेला आहे. सोमवार कुणाचा, तेवढं लिहा. एकमेकांशी बोलू नका."

"एवढ्यासाठी चढवलंस मला?" आसेन्सियोन म्हणाली, पण तिनं लिहिलं.

ओर्दासनं दिवा लावला आणि कपटे गोळा केले. एक एक वाचला. आसेन्सियोन: सालुद. सेर्वांदो: सालुदचा, देव तिला सुखी ठेवो. तिसऱ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: सेर्वांदो.

 आसेन्सियोननं लेआंद्रोकडे बघितलं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

"चुकलं असेल," लेआंद्रो शांतपणे म्हणाला. "मी काही त्या घरात राहत नाही."

"राहत नाही, हेच तर," रेग्ला म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "राहत असता तर ही चूक झालीच नसती. सोमवार सेर्वांदोचा, ही माझी थाप आहे. मी घडवलेली. ही चूक जगात एकाच खोलीत शिकायला मिळते, आणि तुम्ही म्हणालात की तुम्ही इथं कधी चढलाच नाहीत."

पुढचं ओर्दासनं सांगितलं. बाराच्या घंटेला झारी, मग कपट्यावर उचलणं, मग बंदर, मग घुमट, मग परत गच्ची. रेग्लाचं बोलणं घड्याळासारखं चालत होतं आणि मारेकऱ्यानं आपला बेत त्या घड्याळावर लावला होता. त्याला साक्षीदार हवेच होते. त्यांनी आधी सेर्वांदोला पाहावं, मग तीन मिनिटं बंदर पाहावं, आणि परत येतील तेव्हा पुढे चादरींचा पडदा असावा. चार चादरी कुठे विकल्या गेल्या ते कालच कळलं होतं; बंदराजवळच्या दुकानातल्या बाईनं गिऱ्हाईक ओळखलं, कारण इतक्या मऊ बोलणाऱ्या माणसानं चादरीचं माप विचारलं नव्हतं, फक्त किती लांब लोंबतात ते विचारलं होतं.

 लेआंद्रोनं तबकडीकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात तिथं काहीच उरलं नव्हतं, नुसता पांढरा रंग. मग तो रेग्लाकडे वळला आणि तशाच चांगल्या घरच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही फार छान सांगता, बाई. मी तीनदा आलो होतो."

 तीनदा. तीनदा तो या काळोखात रेग्लाच्या कोपराशी उभा राहिला होता, आणि इतरांबरोबर हसला होता. तिनं त्याच्या हातात कपटा दिला असेल, आणि त्यानंही आपली आत्या उचलून पाहिली असेल.

६

सेर्वांदोला त्याच दुपारी सोडलं. रेग्ला ठाण्याच्या दाराशी उभी होती. ती दोन रात्री झोपली नव्हती, आणि काय बोलायचं ते तिनं शंभरदा मनात घोळवलं होतं. तो बाहेर आल्यावर त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

"मला माफ कर," ती म्हणाली.

 वाऱ्यानं सेर्वांदोचे पांढरे केस उभे राहिले होते. "पन्नास वर्षं ओळखतेस मला," तो म्हणाला. "पाठीवरून ओळखायला हवं होतंस. म्हणजे, तो मी नाही हे ओळखायला हवं होतंस." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुरुंगाचं नाही वाटलं गं काही. तू म्हणालीस, त्याचं वाटलं. मी दोन दिवस विचार करत होतो, रेग्ला म्हणते तर मी होतोच की काय वर."

रेग्ला रडायला लागली, भर रस्त्यात, पोरीसारखी. त्यानं तिला रडू दिलं. थांब म्हणाला नाही, जवळही घेतलं नाही. शेवटी म्हणाला, "वखारीत सतरा डोकी तशीच पडलीत. ब्रश धरता येतो ना? पण आत काय बघशील ते कुणाला सांगायचं नाही. जमेल?"

"जमेल," रेग्ला म्हणाली.

"बघू," सेर्वांदो म्हणाला आणि तिची वाट न बघता चालायला लागला. ती त्याच्या मागोमाग गेली.

पुढच्या सोमवारी काळोख्या खोलीत अकरा माणसं होती. वारा पडला होता, ऊन स्वच्छ होतं. समुद्र झाला, बाजार झाला, बाराची घंटा झाली आणि तबकडीत गच्ची आली. दोरी रिकामी होती. झारी जिन्याच्या दाराशी कुणीतरी पालथी घालून ठेवली होती, आणि कठड्यावरच्या कुंड्यांना मात्र कुणीतरी पाणी घातलेलं दिसत होतं. रेग्लाच्या खिशात कपटा होता. तिनं तो बाहेर काढला नाही.

ती इतका वेळ गप्प राहिली, की एका तरुण बाईनं हळूच विचारलं, "ही दोरी रिकामी का आहे?"

"आज सोमवार," रेग्ला म्हणाली. "सोमवार दोन्या सालुदचा."

कुणी हसलं नाही. रेग्लानं दांडी फिरवली आणि त्यांना बंदर दाखवलं.